गणपतीत वाडीचं नेट चालतं ठेवायचं असेल तर

भाद्रपद लागला की कोकणातल्या वाड्या भरतात. बंद घरांची कुलपं निघतात, पडवीत सतरंज्या पडतात आणि प्रत्येक चाकरमान्याच्या खिशात एक-दोन सिमकार्डं असतात. टॉवर मात्र तोच आणि त्याच्या वाट्याची फ्रिक्वेन्सीही तेवढीच. मग चतुर्थीच्या संध्याकाळी रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि दुबईतल्या मुलाला आरती दाखवायला लावलेला व्हिडिओ कॉल पहिल्याच कडव्याला थिजतो.

यावर उपाय आहेत आणि त्यातले बरेचसे घरच्या घरी करता येतात. लग्नाआधी मी नवी मुंबईत मोबाइल नेटवर्कच्या ऑप्टिमायझेशनचं काम करायचे. गाडीत लॅपटॉप आणि ओळीने लावलेले फोन घेऊन रस्तोरस्ती सिग्नल मोजायचा, मग टॉवरवरच्या अँटेना कुठे वळवायच्या, किती झुकवायच्या ते ठरवायचं. आता राजापूर तालुक्यात सासरी असते आणि त्याच मोजमापांचं विश्लेषण घरून करते. आमच्या आवारात भाऊबंदांची चार घरं आहेत. वाडीपर्यंत फायबर आलेलं नाही, त्यामुळे चारही घरं एका फोर-जी राउटरवर चालतात. पुढे जे सांगतेय ते सगळं या घरांत वापरात आहे.

दांड्या सोडा, आकडे बघा

दांड्या सिग्नलचा जोर सांगतात. तो स्वच्छ आहे का आणि त्यावर किती जण बसलेत, हे त्यांच्यात दिसत नाही. अँड्रॉइड फोन असेल तर नेटमॉन्स्टर हे ॲप टाका. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबलं की फील्ड टेस्टचं पान उघडतं. सिमवर चालणाऱ्या राउटरच्या पानावरही हेच आकडे असतात. आपल्याला तीन हवेत.

आरएसआरपी म्हणजे टॉवरच्या संदर्भ-सिग्नलची ताकद. ती उण्यात मोजतात. उणे ८० उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११५ च्या खाली गेलं की कॉलसुद्धा तुटायला लागतात. एसआयएनआर म्हणजे आपल्याला हवा तो सिग्नल बाकीच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे. २० च्या वर फार छान, १० च्या आसपास ठीक, शून्याच्या खाली गेला तर काहीतरी करायलाच हवं. तिसरा आरएसआरक्यू, हा गर्दीने हलतो. उणे १० च्या आसपास बरा, उणे १५ च्या पलीकडे वाईट. आणि हे तिन्ही आकडे डेसिबलमध्ये असतात, त्याचा हिशेब लक्षात ठेवा: ३ ने वाढले की ताकद दुप्पट, १० ने वाढले की दसपट.

एका ठरलेल्या जागी फोन ठेवून हे तिन्ही आकडे आणि वेग पहाटे, दुपारी आणि रात्री आरतीनंतर वहीत लिहा. गणपतीच्या आधी एकदा आणि माणसं आल्यावर एकदा. मग वही स्वतःच बोलते. आरएसआरपी आणि एसआयएनआर दिवसभर तेच, पण संध्याकाळी आरएसआरक्यू घसरून वेग मेला, तर आपल्याच टॉवरवर गर्दी आहे. एसआयएनआरही बरोबरीने घसरला, तर शेजारच्या टॉवरांवरची वर्दळ वाढून त्यांचा सिग्नल आपल्या घरात घुसतोय, आणि हे दुखणं अँटेनाने बरंचसं बरं होतं. राउटरवरचे सगळे आकडे चांगले असूनही माजघरात फोन रडत असेल, तर टॉवरचा काही संबंध नाही, घरातलं वाय-फाय बघा.

टॉवर वाटणी कशी करतो हे समजलं की पुढच्या सगळ्या सूचनांचं कारण कळेल. एलटीईच्या, म्हणजे फोर-जीच्या, २० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १०० रिसोर्स ब्लॉक असतात, प्रत्येकी १८० किलोहर्ट्‌झचे. ते कोणाला द्यायचे हे टॉवर दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो. ज्याचा सिग्नल स्वच्छ, त्याला एका चिन्हात ६ किंवा ८ बिट भरून पाठवता येतात. ज्याचा घाण, त्याला २ च, आणि त्यातलाही मोठा भाग चुकांच्या दुरुस्तीत जातो. पाणवठ्यावर एखादी गळकी घागर घेऊन आली तर तिची घागर भरायला वेळ लागतो आणि मागची सगळी रांग ताटकळते, तसंच हे आहे. म्हणून आपल्या घरचा सिग्नल स्वच्छ केला की तोच व्हिडिओ कमी ब्लॉकमध्ये उतरतो आणि उरलेले ब्लॉक वाडीतल्या बाकीच्यांना मिळतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपलं नेट सुधारण्याचा योग्य रस्ता तोच आहे, ज्याने शेजाऱ्याचंही सुधारतं. ज्या उपायाने शेजाऱ्याचं बिघडतं तो करायचा नाही, आणि असा एक उपाय बाजारात राजरोस विकला जातो. त्याकडे पुढे येतेच.

उंच चढू नका, आडोसा शोधा

आमच्याकडे कोणालाही विचारा, नेट हवं तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जा म्हणून सांगतील. कॉल करायला ते बरोबर आहे. पण राउटर लावायला सडा बहुतेक वेळा वाईट जागा असते.

टू-जीच्या काळात शेजारच्या टॉवरांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वाटून द्यायचे. फोर-जीत एका कंपनीचे शेजारी टॉवर सहसा एकच फ्रिक्वेन्सी वापरतात. सड्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडचा टॉवर दिसतो, महामार्गाच्या बाजूचा दिसतो आणि डोंगरापलीकडच्या गावांचेही दिसतात. सगळे एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. आमच्या सड्यावर आरएसआरपी उणे ८५ च्या घरात मिळतो आणि एसआयएनआर जेमतेम २. खाली घराच्या खाडीकडच्या भिंतीवर आरएसआरपी उणे ९७, पण एसआयएनआर १५. वेग खालीच कितीतरी जास्त मिळतो, कारण मागचा डोंगर आणि घराच्या जाड चिऱ्याच्या भिंती बाकीचे टॉवर अडवतात.

तेव्हा जागा शोधताना हव्या त्या टॉवरकडे तोंड मोकळं आणि बाकी सगळीकडे आडोसा, असं बघा. कौलांच्या आढ्यावर खांब उभारून अँटेना लावायची घाई नको. आधी आढ्याच्या खालची, टॉवरकडची भिंत तपासा.

टॉवर कुठे आहे हे कळायला दूरसंचार विभागाचं तरंग संचार पोर्टल आहे. २०१७ पासून चालू आहे, नकाशावर आपल्या आसपासचे टॉवर दाखवतं. फोन नेमक्या कोणत्या टॉवरवर आहे हे नेटमॉन्स्टर सांगतं. ॲपमध्ये नुसता लांबलचक सेल आयडी दिसत असेल तर त्याला २५६ ने भागा: भागाकार हा टॉवरचा नंबर, बाकी उरते ती त्याच्या सेक्टरची, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या भागाची. दोन जागी टॉवरचा नंबर वेगळा आला तर ती दोन वेगळ्या टॉवरांची तुलना आहे, हे वहीत लिहून ठेवा. नाहीतर नंतर आकड्यांचा अर्थ लागत नाही.

दिशा धरणाऱ्या दोन लॉग पिरियॉडिक अँटेना घ्या. एक ४५ अंश उजवीकडे कललेली, दुसरी ४५ अंश डावीकडे. टॉवरही सहसा असेच दोन तिरपे सिग्नल सोडतो आणि राउटर त्यांच्यावरून दोन वेगळे प्रवाह उतरवतो. एकच अँटेना लावली तर निम्मं काम वाया. मग एकाने अँटेना थोडी थोडी फिरवायची, प्रत्येक वेळी मिनिटभर थांबायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. वाचायचा तो एसआयएनआर. आरएसआरपीच्या मागे लागू नका. पुष्कळदा असं होतं की सर्वांत चांगला एसआयएनआर अँटेना टॉवरपासून थोडी बाजूला वळलेली असताना मिळतो. अशा वेळी त्रास देणारा टॉवर अँटेनाच्या आंधळ्या कोपऱ्यात गेलेला असतो. ती तिथेच घट्ट करा, डोळ्यांना तिरकी दिसली तरी.

केबलवर पैसे वाचवण्याच्या नादात लोक फसतात. दुकानात सहज मिळणारी आरजी-५८ केबल २३०० मेगाहर्ट्‌झला मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. दहा मीटर खाली आणली की अँटेनाने कमावलेलं सगळं तिथेच संपलं. त्यापेक्षा राउटरच वर, पागोळ्यांच्या आत, पाणी न शिरणाऱ्या डब्यात अँटेनाजवळ लावा आणि खाली इथरनेटची केबल आणा. वीज त्याच केबलमधून वर जाते, त्याला पीओई म्हणतात. १०० मीटरपर्यंत काही गमावत नाही. बाहेरची केबल काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या वेष्टनाची घ्या.

पावसाबद्दल एक गैरसमज आहे. मोबाइलच्या या फ्रिक्वेन्सींना पावसाच्या थेंबांनी जवळपास काही होत नाही. होतं ते ओल्या पानांनी. माडाच्या झावळ्या आणि आंब्याची कलमं भिजली की सिग्नल चांगलाच शोषतात. शिवाय टॉवर आणि आपण यांच्यामधली नुसती सरळ रेघ मोकळी असून भागत नाही. ३ किलोमीटरवरचा टॉवर आणि २३०० मेगाहर्ट्‌झ असेल तर वाटेच्या मध्यावर त्या रेघेभोवती सुमारे १० मीटर त्रिज्येचा पट्टा सिग्नलला लागतो. त्यात झाडं घुसली की ताकद घटते. म्हणून मे महिन्यात बसवलेली अँटेना श्रावणात पुन्हा मोजा. वाटेत खाडी असेल तर भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा मोजा. पाण्यावरून परावर्तित झालेला सिग्नल थेट येणाऱ्याशी जुळतो की त्याला मारतो, हे पाण्याच्या पातळीवर ठरतं, आणि सड्यापासून लांब, खाडीच्या काठाला राहणाऱ्यांना हा फरक सहज दिसतो. अँटेना हातभर वर-खाली केली तरी कधी कधी सुटतं.

कोणत्या पट्ट्यावर बसायचं

राउटरच्या पानावर बँड निवडायची सोय असते. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे बँड ५ आणि ८, लांब पोचतात आणि भिंतीतून आत शिरतात. पण या पट्ट्यांवर कंपन्यांकडे जागा बऱ्याचदा ५ किंवा १० मेगाहर्ट्‌झचीच असते. चिऱ्याच्या घरात बसलेला प्रत्येक फोन शेवटी घसरत तिथेच येतो. ज्याच्या भिंतीवर बाहेर अँटेना आहे त्याने त्या गर्दीत बसायचं कारण नाही. बँड ३ म्हणजे १८००, बँड १ म्हणजे २१०० किंवा बँड ४० म्हणजे २३०० यांपैकी जो स्वच्छ मिळतो त्यावर राउटर बांधून टाका आणि खालचा पट्टा घरातल्या फोनांना, म्हाताऱ्या माणसांच्या कॉलना मोकळा ठेवा.

बँड ४० वर जागा जास्त असते, पण तिथे चढती (अपलोड) आणि उतरती (डाउनलोड) वाहतूक एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालते आणि बहुतेक वेळ उतरत्या वाहतुकीला दिलेला असतो. सिनेमा बघायला हे सोयीचं. आरती थेट पाठवायची असेल, ऑफिसच्या मीटिंगमध्ये आपला चेहरा दाखवायचा असेल, तर चढती वाहतूक लागते आणि तिथे बँड ३ किंवा १ बरा पडतो. लांबच्या घरात तर चढतीच आधी मरते, कारण टॉवर कितीही जोरात बोलला तरी आपला फोन किंवा राउटर सहसा जास्तीत जास्त २०० मिलिवॉटनेच उत्तर देतो. दोन्ही पट्ट्यांवर अपलोड मोजून मगच ठरवा.

बूस्टर लावू नका

दोन-चार हजारांत मिळणारे ते मोबाइल सिग्नल बूस्टर, छपरावर एक अँटेना आणि घरात एक. परवान्याशिवाय ते विकणं आणि बसवणं भारतात बेकायदा आहे. पण कायद्यापेक्षाही त्याने नेमकं काय होतं ते समजून घ्या. बूस्टर आपल्या फोनचा आवाज वाढवतो तसाच त्या पट्ट्यातला सगळा कचराही वाढवून टॉवरकडे पाठवतो, सगळ्या कंपन्यांचा, चोवीस तास. टॉवरच्या कानाशी गोंगाट वाढला की काठावरच्या घरांचे क्षीण आवाज त्याला ऐकूच येत नाहीत. त्यांचे फोन रेंज दाखवतात आणि कॉल लागत नाही. घरातली अँटेना आणि छपरावरची अँटेना एकमेकींना ऐकायला लागल्या तर बूस्टर स्वतःच शिट्टी मारत बसतो आणि सगळं सेक्टर आजारी पडतं. कामावर असताना अशा एका बूस्टरचा माग काढायला आमची टीम हातात अँटेना घेऊन गल्ल्या पालथ्या घालायची. वाडीत रात्री कोणाला साप चावला, कोणाला छातीत दुखलं, तर तो एक कॉल लागायला हवा. तो कोणाच्या बूस्टरमुळे अडू नये.

घरात कॉल लागावेत एवढंच हवं असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. भारतात ते २०१९ च्या अखेरीपासून मिळू लागलं, आता बहुतेक फोनांत आहे आणि वेगळा पैसा लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण आहे तेवढंच.

चार घरांत वाटणी

इथे जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे.

मुंबईहून आलेल्या पुतण्याचा फोन वाय-फायला जोडला गेला की प्रवासात काढलेले सगळे फोटो गुपचूप वर चढवायला लागतो. अपलोड आधीच बारीक, ते भरून जातं आणि राउटरमध्ये डेटाच्या पाकिटांची रांग साचते. मग दुसऱ्या घरातल्या काकूंच्या व्हिडिओ कॉलचं प्रत्येक पाकीट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. वेग मोजला तर बरा दिसतो, पण पिंग, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, ५० मिलिसेकंदांवरून दोन सेकंदांवर गेलेला असतो. फोटो चढत असताना गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग लावून बघा, लगेच दिसेल.

या रांगेवर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारी तिची पुढची आवृत्ती एफक्यू-कोडेल २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. केक ही त्याच घराण्यातली, आणि घरगुती जोडणीसाठी मला तीच सर्वांत आवडते. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मोफत प्रणाली चालणारा कोणताही साधा राउटर घ्या. तो वरच्या फोर-जी राउटरच्या आणि चार घरांच्या मध्ये बसतो. त्यात एसक्यूएमचं, म्हणजे रांग सांभाळण्याचं, पॅकेज टाका, रांगेची पद्धत केक निवडा.

वेगाचा आकडा घालताना पहाटेचा घालू नका. सगळ्यात गर्दीच्या तासात काही वेळा मोजा, त्यातला खालचा आकडा धरा आणि त्याच्या ८५ टक्के घाला. थोडा वेग सोडून द्यावा लागतो, पण त्याच्या बदल्यात रांग टॉवरकडे किंवा फोर-जी राउटरमध्ये न साचता आपल्या ताब्यात येते. मोबाइलचा वेग तासातासाला बदलतो, म्हणून एसक्यूएम नीट चालल्यावर केक-ऑटोरेट ही स्क्रिप्टही जोडा. ती सतत पिंग बघते, उशीर वाढला की वेग आवळते, कमी झाला की सोडते. आमच्याकडे उतरतीला किमान ४, मूळ १२ आणि कमाल ४० एमबीपीएस दिलेत. चढतीला १, २ आणि ८. तुमचे आकडे तुमच्या वहीतून घ्या.

आता घराघरांतली वाटणी. केकला सांगता येतं की वाटणी यजमान-यंत्राप्रमाणे कर. चढत्या दिशेला ड्युअल-एसआरसीहोस्ट आणि उतरत्या दिशेला ड्युअल-डीएसटीहोस्ट असे पर्याय आहेत, जोडीला नॅट हा शब्द घालावा लागतो. आमच्या चारही घरांत आपापला राउटर आहे आणि तो स्वतःचं नॅट करतो, म्हणजे घरातल्या सगळ्या फोनांना एकाच पत्त्यामागे ठेवतो. त्यामुळे मधल्या राउटरला शंभर फोन दिसत नाहीत, चारच यंत्रं दिसतात. वाटणी घराप्रमाणे होते. एका घरात वीस पाहुणे आणि दुसऱ्या घरात फक्त सासूबाई असल्या तरी गर्दीच्या वेळी सासूबाईंचा पाव हिस्सा शाबूत राहतो. त्या वापरत नसतील तेव्हा तो हिस्सा आपोआप बाकीच्यांत जातो, काहीच वाया जात नाही. माणशी वाटणी हवी असेल तर घरांतल्या राउटरांचं नॅट बंद करून त्यांना नुसतं वाय-फाय पुरवणारं ॲक्सेस पॉइंट करा. मी घराप्रमाणेच ठेवते. पाहुणे पाच दिवसांनी जातात, घरं वर्षभर एकमेकांना धरून राहायची असतात.

किती लागतं याचा अंदाज: एका माणसाचा व्हिडिओ कॉल साधारण एक ते दोन एमबीपीएस, मोठ्या पडद्यावरचा स्वच्छ सिनेमा पाच. कॉलवरचं नुसतं बोलणं याच्या मानाने नगण्य. म्हणजे १२ एमबीपीएसमध्ये चार घरं नीट बोलू शकतात, चार टीव्ही मात्र चालणार नाहीत. हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट रात्री एकनंतर, सिनेमे मुंबईहून निघतानाच उतरवून आणायचे. पडवीत एक कागद लावलाय त्यावर एवढंच लिहिलंय, आणि लोक आनंदाने ऐकतात.

हे एका आवारातल्या कुटुंबासाठी आहे. सिम ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची, आणि पैसे घेऊन नेट विकायचं नाही. वाडीतल्या दुकानाला लोकांना वाय-फाय द्यायचं असेल तर २०२० साली मंजूर झालेली पीएम-वाणी योजना त्यासाठीच आहे. त्यात छोट्या दुकानदाराला परवाना लागत नाही.

घरातली हवा

चिऱ्याची भिंत वाय-फायला जड जाते, ५ गिगाहर्ट्‌झला जास्तच. म्हणून राउटर माजघरात, दारांच्या रेषेत ठेवा, देवघराच्या कोनाड्यात किंवा पत्र्याच्या कपाटावर नको.

२.४ गिगाहर्ट्‌झवर आपल्याकडे १ ते १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्‌झवर आणि प्रत्येकाला लागतात २०. म्हणजे एकमेकांना न शिवणारे तीनच: १, ६ आणि ११. आम्ही शेजारशेजारच्या घरांना हे तीन वाटून दिले आणि सगळ्यात लांबच्या चौथ्या घराला पुन्हा १. मधला ३ किंवा ८ मोकळा दिसतो म्हणून घेऊ नका. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांना ओळखतात, थांबून आळीपाळीने बोलतात. अर्धवट शिवणाऱ्या चॅनेलवर त्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, दोघांचीही पाकिटं बिघडतात. रुंदी २० वरच ठेवा, ४० नको. प्रसारणाची ताकदही कमी करा. राउटर ओरडला म्हणून फोनचा आवाज मोठा होत नाही, उलट शेजारच्या घरात अडथळा होतो.

५ गिगाहर्ट्‌झ ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याकडे बरंच मोकळं झालं. घरासाठी ३६ ते ४८, घराघरांतल्या जोडणीसाठी १४९ च्या पुढचे, असं आम्ही ठेवलंय. ५२ ते १४४ च्या पट्ट्यात राउटरला आधी रडारची चाहूल घ्यावी लागते आणि रडार सापडलं तर जागा सोडावी लागते. ऐन आरतीत तसं झालं तर नेट जातं, म्हणून ते टाळते.

घरं एकमेकांना तांब्याच्या केबलने जोडू नका. प्रत्येक घराचं अर्थिंग वेगळं, आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा त्या केबलवरून दोन्हीकडची यंत्रं जातात. फायबरची बारीक केबल टाका, नाहीतर ५ गिगाहर्ट्‌झच्या दोन छोट्या अँटेना समोरासमोर लावा. स्वस्त रिपीटर मी लावत नाही: तो त्याच हवेत तेच पाकीट पुन्हा बोलतो आणि वेग निम्म्यावर आणतो.

पाहुण्यांना एक विनंती जरूर करा. गाडीत चालू केलेला हॉटस्पॉट घरी आल्यावर बंद करायचा. प्रत्येक हॉटस्पॉट सेकंदाला सुमारे दहा वेळा आपलं नाव हवेत पुकारत असतो आणि तेही सगळ्यात संथ गतीने. एका मांडवात असे दहा-बारा हॉटस्पॉट असले की २.४ ची बरीच हवा नुसत्या नावांतच जाते. राउटरवर दोनपेक्षा जास्त नावं ठेवू नका ती त्याचसाठी. टीव्हीला शक्य असेल तर केबलच लावा, कारण जो व्हिडिओ हवेतून जात नाही तो कोणालाच अडवत नाही. लॅपटॉपला नेटचं डोंगल असेल तर त्याच्या शेजारच्या खाचेत यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावू नका. तिच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट गळतो.

लाईट जाणारच, म्हणून वरचा राउटर, मधला राउटर आणि पीओई एका छोट्या डीसी यूपीएसवर ठेवा, विजेचा दाब आणि पिन जुळतात का बघून. टॉवरची बॅटरीही कधीतरी संपते. लांबच्या दुसऱ्या टॉवरसाठी सगळ्यात चांगली मिळालेली अँटेनाची दिशा भिंतीवर खडूने खूण करून ठेवलीत तर अंधारात शोधाशोध करावी लागत नाही.

तरीही टॉवरच कमी पडत असेल तर

एसआयएनआर १५, आरएसआरपी चांगला, आणि तरी रोज संध्याकाळी आरएसआरक्यू घसरून वेग एक एमबीपीएसच्या खाली, तर घरात करण्यासारखं काही उरलेलं नाही. तिथे कंपनीला जागा वाढवावी लागते, आणि तक्रार नीट लिहिली तर ती योग्य माणसापर्यंत पोचते. मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेय. "नेट चालत नाही" अशी तक्रार आली की ती दुसऱ्या दिवशी बंद होते, कारण दुपारी कोणी मोजलं तर सगळं ठीकच दिसतं. त्याऐवजी टॉवरचा नंबर, सेक्टर, बँड, तारीख, पहाटेचे आणि रात्रीचे तिन्ही आकडे आणि वेग असं लिहा. वाडीतल्या पाच-सहा घरांनी आपापल्या सिमवरून हीच तक्रार नोंदवावी आणि प्रत्येकाने डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्यावा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला फी नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही, पण २०२४ च्या नियमांनंतर कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे जाहीर करावे लागतात. आपली वाडी त्यात हिरवी दाखवलेली असेल तर त्या नकाशाचं चित्र तक्रारीला जोडा.

मोठ्या यात्रांना कंपन्या चाकांवरचा टॉवर आणून उभा करतात. गणपतीसाठी वाडीवाडीत तो येणार नाही, पण ग्रामपंचायतीने आसपासच्या गावांसह आषाढातच पत्र दिलं तर आहे त्या टॉवरवर सणापुरता जादा पट्टा चालू करणं किंवा अँटेनाचा कल बदलणं हे कंपनीला अवघड नसतं. पत्रासोबत मागच्या वर्षीच्या वहीची पानं जोडा.